पुलाची उंची कशासाठी मोजता?

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस चीनमधल्या ग्वेझोऊ प्रांतात बेइपान नदीच्या घळीवरचा ह्वाजियांग पूल वाहतुकीला खुला झाला. नदीच्या पाण्यापासून पुलावरच्या रस्त्यापर्यंत ६२५ मीटर, म्हणजे आजघडीला जगातला सर्वांत उंच पूल. याआधीचा उच्चांकही याच नदीवर होता; २०१६ साली झालेला तो पूल ५६५ मीटर उंच होता. ढग खाली आणि गाड्या वर, अशी दृश्ये जगभर फिरली आणि त्यांच्यामागोमाग वादही सुरू झाला. एका बाजूचे म्हणणे असे की याला म्हणतात धमक, दोन तासांची वाट दोन मिनिटांवर आली. दुसरी बाजू म्हणते की हा कर्ज काढून केलेला देखावा आहे, डोंगरातल्या चार गावांसाठी एवढा खटाटोप कशाला? मला या वादात खटकते ते हे की दोन्ही बाजू एकाच आकड्याकडे टक लावून बसल्या आहेत. एकाला ६२५ मीटरमध्ये पराक्रम दिसतो, दुसऱ्याला गर्व. पूल मात्र दोघांच्याही नजरेतून सुटला आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. खोल घळीवरून महामार्ग नेणारा उंच पूल ही बहुतेक वेळा योग्य गोष्ट असते. डोंगराला तिच्यामुळे होणारी इजाही, दुसऱ्या पर्यायाच्या तुलनेत, कमी असते. पण ज्या पुलाच्या पुढच्या शंभर वर्षांच्या देखभालीची तजवीज त्याच्या मंजुरीच्याच कागदावर नाही, तो पूल मंजूर होऊ नये. गरज कितीही मोठी असली तरी होऊ नये. हे दुसरे वाक्य पुष्कळांना कठोर वाटेल, म्हणून त्याच्याकडे सावकाश येतो. आधी उंचीचा निकाल लावू.

उंची पुलाची नसते, दरीची असते. ह्वाजियांगच्या अभियंत्यांसमोरचे खरे आव्हान ६२५ मीटर हे नव्हते. दोन कड्यांवरच्या दोन मनोऱ्यांमधले १४२० मीटरचे अंतर मध्ये एकही खांब न उभारता पार करणे, हे ते आव्हान होते. खाली नदी ६०० मीटरवर असो की ६० मीटरवर, लोखंडी दोरांवरचा ताण तोच राहतो. आणि अंतराच्याच बाबतीत बोलायचे तर तुर्कस्तानातल्या चानाक्कले सामुद्रधुनीवरच्या, २०२२ साली झालेल्या पुलाचा मधला गाळा २०२३ मीटरचा आहे. त्याच्या खाली समुद्र आहे, घळ नाही, म्हणून त्याची दृश्ये कोणाच्या काळजाचा ठोका चुकवत नाहीत. उंचीमुळे कामाची अवघडता वाढतेच, घळीतला वारा आणि साहित्य पलीकडे नेण्याची अडचण यांच्या रूपाने. हुबेई प्रांतात २००९ साली पूर्ण झालेल्या सिदू नदीवरच्या पुलाचा पहिला दोर अग्निबाणाला बांधून पलीकडच्या कड्यावर सोडावा लागला होता. खांब तळापासून उभे करायचे असले तर उंची खरोखरच अभियंत्याची होते. फ्रान्समधल्या मियो पुलाचा सर्वांत उंच खांब २४५ मीटरचा आहे आणि त्यातला एकेक मीटर माणसांनी रचलेला आहे. तरीही पूल श्रेष्ठ की नाही हे ठरवायला उंची हा निकष कुचकामाचा आहे, याचा पुरावा अमेरिकेत कोलोराडोमध्ये उभा आहे. आर्कान्सा नदीच्या घळीवर १९२९ साली २९१ मीटर उंचीचा रॉयल गॉर्ज पूल बांधला गेला, तो निव्वळ पर्यटकांसाठी. कुठल्याही महामार्गाला त्याची गरज नव्हती. आणि जगातल्या सर्वांत उंच पुलाचा मान तब्बल ७० वर्षे या पुलाकडे होता! एवढा काळ ज्या उच्चांकाने वाहतुकीच्या दृष्टीने काहीच सांगितले नाही, तो आता आपल्याला काय सांगणार?

आता विरोधकांकडे वळतो. त्यांचे मुद्दे मला मनापासून महत्त्वाचे वाटतात. पहिला मुद्दा पैशाचा. ग्वेझोऊ हा चीनच्या तुलनेने गरीब प्रांतांपैकी एक आणि तिथल्या स्थानिक सरकारांवर कर्जाचा डोंगर आहे, हे काही गुपित राहिलेले नाही. पुलावरून दिवसाला जाणाऱ्या गाड्यांनी खर्चाला भागले, तर कित्येक डोंगरी पुलांचा हिशेब जुळणार नाही. शिवाय ‘दोन तासांचे दोन मिनिटे’ हा आकडा फसवा आहे. कोणीही माणूस या कड्यावरून त्या कड्यावर जायला घरातून निघत नाही. तो एका शहरातून दुसऱ्या शहरात निघालेला असतो आणि त्याचा एकूण प्रवास किती कमी झाला हे महत्त्वाचे. हे सगळे खरे आहे.

पण पूल नसेल तर काय असते, हेही मोजायला हवे. पूल नसतो तिथे रस्ता घळीत उतरतो, तळाशी एक छोटा पूल ओलांडतो आणि पुन्हा चढतो. ४० टन वजनाचा मालट्रक ६०० मीटर खाली उतरतो तेव्हा जी ऊर्जा त्याला कुठेतरी जिरवावी लागते, ती साधारण ६५ युनिट विजेइतकी भरते. हे सगळे त्याच्या ब्रेकनी आणि इंजिनाने पचवायचे असते. शंभर मीटरला सहा मीटर असा उतार धरला तरी ही उतरण १० किलोमीटरची होते. घाटातल्या चालकाला विचारा, तापलेल्या ब्रेकचा वास म्हणजे काय. एवढे उतरल्यावर तेवढेच चढायचे, आणि त्यासाठी तेवढी ऊर्जा डिझेल जाळून पुन्हा विकत घ्यायची. दर ट्रकला, दर फेरीला, वर्षानुवर्षे. पुलाच्या खर्चाचा आकडा एकदा, ठळक अक्षरांत छापला जातो. घाटाचा खर्च मात्र हजारो लोकांच्या खिशातून चिल्लरीत जातो, अपघातांत जातो, वेळेवर न पोचलेल्या रुग्णांत जातो. तो कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून तो नाही असे धरायचे का?

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात न्यू नदीच्या घळीवर १९७७ साली २६७ मीटर उंचीचा पोलादी कमानीचा पूल झाला, तेव्हा ४० मिनिटांचा वळणावळणाचा रस्ता एका मिनिटाच्या आत आला. तो भाग कोळशाच्या खाणींचा, काही सधन नव्हे. तरी आज तो पूल नको होता असे म्हणणारा माणूस शोधावा लागेल. मेक्सिकोत दुरांगो ते माझात्लान या वाटेवरच्या जुन्या रस्त्याच्या एका भागाला लोक ‘सैतानाचा कणा’ म्हणत. बालुआर्ते पूल आणि डझनावारी बोगदे असलेला नवा महामार्ग झाल्यावर त्या प्रवासाचा वेळ जवळपास निम्म्यावर आला. इथे श्रेय एकट्या पुलाचे नाही, अख्ख्या रस्त्याचे आहे. तसे ते असायलाच हवे, कारण पूल हा रस्त्याचा एक तुकडा असतो. तो सुटा करून मिरवायला लागलो की रॉयल गॉर्जच्या वाटेवर गेलो.

दुसरा आक्षेप निसर्गाचा. घळीसारख्या एकांत जागी काँक्रीट आणि पोलाद कशाला? इथे मला विरोधकांची नजर अपुरी वाटते. घळीच्या उतारावर नागमोडी रस्ता काढायचा म्हणजे कड्याचा पायथा दर वळणाला खोदायचा, सुरुंग लावायचे, राडारोडा नदीत लोटायचा आणि मग दर पावसाळ्यात कोसळलेल्या दरडी उपसत बसायचे. पूल दोन टोकांना आणि फार तर काही खांबांच्या पायाशी जमिनीला शिवतो. मधली घळ, तिच्यातले झाड न् झाड, नदीचा काठ, सगळे जागच्या जागी राहते. घळीचे सौंदर्य बिघडते हे मान्य. पण सौंदर्य कोणाच्या नजरेतून? वरच्या पर्यटकाच्या की खाली नदीकाठी राहणाऱ्याच्या?

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो: पूल झाला की वाहतूक वाढते. ऑस्ट्रियात ब्रेनर खिंडीकडे जाणाऱ्या महामार्गावर १९६३ साली १९० मीटर उंचीचा युरोपा पूल खुला झाला, तेव्हा तो सुट्टीला दक्षिणेकडे निघालेल्या कुटुंबांसाठी वरदान होता. आज त्या मार्गाने वर्षाला २० लाखांहून अधिक मालट्रक आल्प्स ओलांडतात आणि खोऱ्यातले लोक आवाज आणि धूर यांनी त्रासले आहेत. सोपी वाट गर्दीला बोलावते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण यावरचा उपाय म्हणून लोकांना घाटात ठेवणे मला न्यायाचे वाटत नाही. ट्रक किती आणि कुठल्या वेळी जातील, टोल किती असेल, माल रेल्वेने का जात नाही, हे प्रश्न राज्यकर्त्यांना विचारायचे असतात. ब्रेनरखाली आता रेल्वेचा लांबलचक बोगदा खणला जातो आहे तो याच कारणाने. तो फार उशिरा सुरू झाला, एवढा दोष मात्र पदरात घ्यावाच लागेल.

बाजूला पडणाऱ्या जुन्या गावांचे रडगाणेही नेहमी ऐकू येते, पण त्यावर फार थांबत नाही. मियो गाव उन्हाळ्यातल्या वाहनकोंडीसाठी कुप्रसिद्ध होते. २००४ च्या डिसेंबरात पूल झाला तेव्हा आपला धंदा बसेल अशी भीती होती. पुढे लोक तो पूलच बघायला येऊ लागले.

तर मग वाद संपला? उंच पूल चांगले, बांधत सुटा? नाही. इथून पुढे समर्थकांशी माझे भांडण आहे.

ह्वाजियांग खुला होण्याआधी त्याच्यावर ९६ मालट्रक उभे करून त्याची भारचाचणी घेतली गेली. चाचणी उत्तमच, पण ती आजचे सांगते. चाळीस वर्षांनी, सांध्यांमधून पाणी झिरपायला लागल्यावर, दोरांच्या आत गंज शिरल्यावर, बेअरिंग, म्हणजे पुलाला किंचित सरकू देणारे आधार, जाम झाल्यावर तो पूल कसा असेल हे ९६ ट्रक सांगू शकत नाहीत. आणि पूल मरतात ते पुष्कळदा असेच, हळूहळू, कोणाचे लक्ष नसताना.

न्यू नदीवरचा पूल ज्या प्रकारच्या पोलादाचा आहे त्याला रंग लावावा लागत नाही; त्याच्यावर गंजाचा एक घट्ट थर बसतो आणि तोच आतल्या धातूचे रक्षण करतो. अट एकच, पोलाद ओले होऊन पुन्हा सुकले पाहिजे. याच प्रकारच्या पोलादाचा एक पूल पिट्सबर्ग शहरात एका झाडीभरल्या दरीवर होता, फर्न हॉलो नावाचा. २८ जानेवारी २०२२ च्या पहाटे तो कोसळला. एक बस आणि काही मोटारी त्याच्याबरोबर खाली गेल्या. सुदैवाने कोणी दगावले नाही. चौकशीत काय निघाले? पाणी वाहून नेणारे मार्ग तुंबले होते. पाणी आणि कचरा पुलाच्या पायांशी साचत राहिला, घट्ट थर बसायच्या ऐवजी गंज पोलाद खात गेला. तुंबलेल्या नाल्या साफ करणे, हे काम करायला कोणता महान अभियंता लागतो? आणि सर्वांत वेदनादायक भाग पुढेच आहे. त्या पुलाची तपासणी नियमित होत होती. तपासनीस वर्षानुवर्षे लिहून देत होते की दुरुस्ती करा. शहराने ती केली नाही.

हा प्रसंग नीट समजायला आणखी मागे जावे लागते. १५ डिसेंबर १९६७ रोजी ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज, साखळीतल्या एका दुव्याला गेलेल्या तड्यामुळे, संध्याकाळच्या गर्दीत कोसळला आणि ४६ माणसे गेली. त्यानंतर अमेरिकेने देशभरातल्या महामार्गांवरच्या पुलांच्या नियमित तपासणीचा कायदा आणि नियम केले. म्हणजे १९६७ चा धडा होता ‘तपासा’. २०२२ चा धडा असा की तपासून भागत नाही. तपासणाऱ्याच्या अहवालामागे पैसा आणि हुकूम नसेल तर तो अहवाल म्हणजे कागद. दोन्हींच्या मध्ये इटलीतल्या जिनोआचा मोरांदी पूल आहे. १९६७ मध्येच खुला झालेला हा पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी कोसळून ४३ लोक मेले. त्याच्या पोलादी दोरांवर काँक्रीटचे आवरण होते, त्यामुळे आतला गंज वरून दिसत नव्हता. पूल उभा राहून जेमतेम बारा वर्षे झाली असताना खुद्द रचनाकार मोरांदी यांनीच गंजाबद्दल इशारा लिहून ठेवला होता. हा महामार्ग टोल घेणाऱ्या खासगी कंपनीकडे होता. तेव्हा ‘खासगीकडे द्या म्हणजे काळजी घेतली जाईल’ हा युक्तिवादही पुरा पडत नाही, हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

घळीवरच्या उंच पुलाला हे सगळे दुपटीने लागू होते. सपाटीवरच्या पुलाखाली ट्रक उभा करून, पाळण्यात माणूस चढवून सांधा बघता येतो. ३०० मीटर खोल दरीवर तपासनीसाला दोर बांधून उतरावे लागते किंवा पुलाच्या पोटाखाली सरकणारी खास गाडी बसवावी लागते. घळीतला वारा काम कधी करू देईल याचा भरवसा नसतो. शिवाय पर्यायी रस्ता दूर असतो किंवा पूल झाल्यावर ओस पडलेला असतो, त्यामुळे असा पूल दुरुस्तीसाठी बंद करणे कोणालाच परवडत नाही. ज्याच्याविना चालणार नाही असा पूल आपण बांधतो, आणि म्हणूनच त्याला कधी थांबवता येत नाही. ब्रेनरच्या मार्गावरच, इटलीच्या सीमेजवळ, १९६० च्या दशकातला लुएग पूल आहे. नवा पूल की बोगदा यावर तिथे वर्षानुवर्षे खल चालला आणि अखेर १ जानेवारी २०२५ पासून सुरक्षेसाठी त्यावरची वाहतूक मुख्यतः एकेका मार्गिकेवर आणावी लागली. लोक वैतागले. पण मला तो निर्णय घेणाऱ्यांचे कौतुक वाटते. पिट्सबर्गमध्ये असे कोणीतरी हवे होते.

आणि पुलाइतकीच त्याच्या टोकांची काळजी. नोव्हेंबर २०२५ मध्ये सिचुआन प्रांतातला होंगछी पूल, खुला होऊन वर्षही झाले नव्हते, दरड सरकून अंशतः कोसळला. आदल्या दिवशी उतारावर भेगा दिसल्या म्हणून वाहतूक थांबवली गेली आणि जीवितहानी टळली. घळ म्हणजे नदीने अजूनही कापत असलेला डोंगर. तिचे कडे स्थिर नसतात. मग पुलासाठी मोजमापाची यंत्रे आणि त्याच्या दोन टोकांना ज्या उताराने धरले आहे त्याच्यासाठी काही नाही, असे कसे चालेल?

म्हणून माझी मागणी साधी आहे. बांधकामाचा खर्च मंजूर होतो त्याच ठरावात देखभालीचा निधी वेगळा काढून ठेवावा, आणि तो दुसऱ्या कशालाही वळवता येऊ नये. तपासणीचे अहवाल लोकांसाठी खुले असावेत. ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर तपासनीसाला वाहतूक कमी करण्याचा किंवा थांबवण्याचा अधिकार असावा आणि तो राजकीय मर्जीवर नसावा. मियोच्या पुलाचा करार इथे बघण्यासारखा आहे: बांधणाऱ्या कंपनीलाच ७५ वर्षे टोल घेण्याचा हक्क आणि तितकी वर्षे सांभाळण्याची जबाबदारी. निकृष्ट बांधले तर दुरुस्तीचा भुर्दंड तिच्याच माथी. जिनोआने दाखवले की नुसता करार पुरत नाही, त्याच्यावर सरकारची डोळ्यांत तेल घालून नजर हवी. दोन्ही एकत्र का असू शकत नाहीत?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मला खरोखर विचारात टाकतो. शंभर वर्षांची तजवीज करायला गरीब प्रदेशाकडे पैसा कुठला? ही अट घातली तर उंच पूल फक्त श्रीमंतांच्या वाट्याला येतील आणि ज्यांना घाट सर्वांत जास्त छळतो तेच घाटात अडकून राहतील. पण फर्न हॉलो, सिल्व्हर ब्रिज आणि मोरांदी हे कोसळलेले तीन पूल कुठे होते? अमेरिकेत आणि इटलीत. पैसा होता, सांभाळण्याची रीत नव्हती. उलट बाजूचे उदाहरण पेरूमध्ये, अँडीज पर्वतात आहे. आपुरिमाक नदीच्या घळीवर केस्वाचाका नावाचा गवताच्या दोरांचा झुलता पूल आहे, इंका काळापासूनच्या परंपरेतला. काठावरचे चार केचुआ समाज दर वर्षी जूनमध्ये जमतात, गवत वळून दोर करतात आणि अख्खा पूल नव्याने विणतात. ही माणसे धनवान नाहीत. तो पूल एक दिवस मोडणार हे त्यांनी पहिल्यापासून गृहीत धरलेले आहे, म्हणून देखभाल हा त्या पुलाचाच भाग आहे, नंतरचे ओझे नाही. २०२० साली महामारीमुळे विणकाम झाले नाही. मार्च २०२१ मध्ये पूल तुटून नदीत पडला. एक वर्ष चुकले, एवढेच.

एरवी विणकामाच्या वेळी जुन्या पुलाच्या आधाराने नवे जाड दोर पलीकडच्या काठाला नेले जातात, आणि ते ताणून पक्के झाल्यावरच जुना पूल तोडून खाली सोडतात. २०२१ च्या जूनमध्ये चारही समाज पुन्हा घळीच्या दोन्ही काठांवर जमले, गवताच्या जुड्या घेऊन. या वेळी आधाराला जुना पूल नव्हता. दोर त्यांनी तरीही पलीकडे नेले.